जिभेची सोयरीक

आषाढी एकादशीला आपल्याकडे घरोघरी जी थाळी वाढली जाते, तिच्याकडे एकदा इतिहासाच्या नजरेनं पाहा. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाट्याच्या फोडी, दाण्याचं कूट, हिरव्या मिरचीचे तुकडे आणि बाजूला रताळ्याचा कीस. आता गंमत अशी, की आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेतला. भुईमूगही तिथलाच. बटाटा पेरू आणि बोलिव्हियाच्या उंच डोंगरांमधला. मिरची मेक्सिकोच्या बाजूची आणि रताळंही अमेरिकेतलंच. तूप, जिरं आणि मीठ सोडलं, तर या थाळीतलं जवळजवळ सगळंच समुद्र ओलांडून आलेलं आहे. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ साली. ज्ञानेश्वरी त्याच्या दोनशे वर्षं आधीची, १२९०ची. म्हणजे ज्ञानदेव-नामदेवांबरोबर पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्यानं साबुदाण्याची खिचडी कधी पाहिलीही नव्हती. आणि हजारो वर्षं या मातीत राहिलेले कांदा-लसूण मात्र त्या दिवशी घराबाहेर!

मित्रहो, उपवासाची थट्टा करण्यासाठी मी हे सांगत नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. जे एके काळी परकं होतं, संशयाचं होतं, ते इतकं जवळचं कसं झालं, की पवित्र दिवसाच्या ताटात जाऊन बसलं? एखादी आई कारल्याची भाजी घेऊन मुलामागे फिरते, मूल तोंड फिरवतं, आणि वीस वर्षांनी तेच मूल 'आईच्या हातचं कारलं' म्हणून हळवं होतं. असाच खेळ समाज आणि भाज्या यांच्यात शतकानुशतकं चालला आहे. त्याची ही गोष्ट.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी' लिहिली. बादशाही मुदपाकखान्यात काय शिजतं, कोणती भाजी बाजारात काय भावानं मिळते, हे सगळं त्यानं मोठ्या हौसेनं नोंदवून ठेवलं आहे. त्यात कांदा आहे, आलं आहे, मिरे आहेत, पालक आहे. बटाटा, टोमॅटो आणि मिरची मात्र नाही. अकबरासारख्या बादशहाच्या दस्तरखानावर जे नव्हतं, ते आज आपल्या गल्लीतल्या हातगाडीवर मिळतं.

या भाज्या आणल्या मुख्यतः पोर्तुगीजांनी. १५१० साली गोवा त्यांच्या ताब्यात गेलं आणि जहाजांबरोबर रोपं, बिया, कंद येऊ लागले. त्यांच्या खुणा आपल्या भाषेत अजून आहेत. बटाटा हा शब्द पोर्तुगीज. कोबी पोर्तुगीज, काजू पोर्तुगीज, पावही पोर्तुगीज. काही पाहुण्यांना आपण आपल्याच घरातली नावं दिली. तिखटपणासाठी इथे आधीपासून मिरी होती. त्या मिऱ्याच्या नावावरूनच नव्या फळाचं नाव मिरची झालं. टोमॅटोला काही भागांत वेलवांगी म्हणत, तर विदर्भात भेदरं. नवं माणूस गावात आलं, की आपण विचारतो, 'कुणाचा रे तू?' मग कुणाचा तरी पुतण्या, कुणाचा तरी जावई असं नातं लावून देतो. भाज्यांचंही तसंच झालं. वांग्याची बहीण म्हणून टोमॅटो घरात शिरला. आणि शास्त्रज्ञ पुढे म्हणाले, की नातं खरंच आहे. बटाटा, टोमॅटो, मिरची आणि वांगं ही सगळी एकाच कुळातली.

पण स्वागत लगेच झालं असं नाही. जुन्या सोवळ्याच्या घरांतून टोमॅटोला कितीतरी वर्षं मज्जाव होता. त्याचा लाल रंग आणि आतला गर पाहून रक्तामांसाची आठवण होते, असं म्हणत. तमिळनाडूत परंपरा पाळणाऱ्या घरांमध्ये श्राद्धाच्या स्वयंपाकाला 'इंग्लिश भाज्या' चालत नाहीत. बटाटा, कोबी, फ्लॉवर, गाजर सगळं त्यात आलं. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात आजही बटाटा आणि टोमॅटो वापरत नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं. पोर्तुगीज येण्यापूर्वीचा हिंदुस्थान कसा जेवत होता याची एक जिवंत नोंद त्या स्वयंपाकघरानं जपली आहे.

नाकं मुरडण्यात आपणच पुढे होतो असंही नाही. बटाटा १५७०च्या सुमारास स्पेनमध्ये पोचला आणि पुढची दोनशे वर्षं युरोपातली बरीच माणसं त्याच्याकडे संशयानं पाहत राहिली. हा जमिनीखाली वाढतो, बायबलात याचा उल्लेख नाही, याची पानंफुलं विषारी झाडांसारखी दिसतात. खाल्ल्यानं कुष्ठरोग होतो, अशीही समजूत होती. गुरांना घालावा, फार तर गरिबांनी खावा, असा त्याचा दर्जा. प्रशियाचा राजा फ्रेडरिक यानं १७५६ साली फर्मानच काढलं, की शेतकऱ्यांनी बटाटा लावलाच पाहिजे. पण राजानं हुकूम करून शेतात पीक उभं करता येतं; ताटातलं आवडायला लावता येत नाही.

इथे एका कैद्याची गोष्ट येते. आंत्वान पारमांतिए हा फ्रेंच सैन्यातला औषध बनवणारा माणूस. सप्तवार्षिक युद्धात, म्हणजे १७५६ ते १७६३ या काळात, तो प्रशियाच्या कैदेत सापडला. तुरुंगात खायला मिळे बटाटा. फ्रान्समध्ये जे खाणं कमीपणाचं मानलं जाई, ते खाऊन हा माणूस धडधाकट राहिला. सुटल्यावर त्यानं उरलेलं आयुष्य बटाट्याची वकिली करण्यात घालवलं. १७७२ साली पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठानं बटाटा खाण्यास योग्य असल्याचा निर्वाळाही दिला. तरी लोक काही खाईनात. मग राजा सोळाव्या लुईनं त्याला पॅरिसजवळ साब्लों इथे पडीक जमीन दिली. पारमांतिएनं तिथे बटाटा लावला. पुढची कथा फ्रान्समध्ये मोठ्या चवीनं सांगतात. त्यानं म्हणे शेताभोवती दिवसा शिपायांचा पहारा बसवला आणि रात्री तो उठवला. ज्याला पहारा लागतो ती वस्तू मोलाचीच असणार, असं म्हणून आसपासच्या लोकांनी रात्री बटाटे चोरून नेले, लावले आणि खाल्ले. आज पॅरिसच्या एका मेट्रो स्थानकाला त्याचं नाव आहे.

कैद्यांचा आणि बटाट्याचा संबंध आपल्याकडेही दिसतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी महाबळेश्वरला थंड हवेचं ठिकाण वसवलं, तेव्हा तिथल्या तुरुंगात दूर मलायाच्या बाजूनं आणलेले चिनी कैदी ठेवले होते. साहेबांच्या टेबलासाठी त्यांनी तिथे बटाटा आणि विलायती भाज्यांचे मळे केले. आपल्या सह्याद्रीच्या मातीला बटाट्याची सवय लावण्यात त्या घरदार सुटलेल्या माणसांचे हात होते. त्यांची नावं कुणी गिरवत नाही, म्हणून हा उल्लेख मुद्दाम केला.

मात्र बटाट्याला खरं मराठी केलं ते आपल्या बायकांनी. त्यांनी फर्मान काढलं नाही की पहारा बसवला नाही. तेल तापवलं, मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली, कढीपत्ता पडला आणि त्यात बटाटा गेला. त्या वासानंच अर्धी लढाई जिंकली. जीभ ओळखीच्या चवीचं बोट धरून अनोळखी चवीकडे जाते. म्हणून १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सांगतात, तेव्हा तो खाणाऱ्या गिरणी कामगाराला त्यात परकं काही वाटलं नाही. बटाटा पोर्तुगिजांचा, पाव पोर्तुगिजांचा, मिरची त्यांनी आणलेली. आणि या सगळ्याला पोटात घेणारं बेसन मात्र इथलं. आज मराठी माणसाची ओळख म्हणून जगाला काय दाखवायचं, तर आपण वडापाव दाखवतो!

आता थोडं शास्त्र. मूल गोडाकडे ओढ घेऊन जन्माला येतं आणि कडूला घाबरतं. रानात कडू म्हणजे बरेचदा विष, त्यामुळे ही भीती शहाणपणाचीच. शिवाय सगळ्यांच्या जिभा सारख्या नसतात. १९३१ साली आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की एक रसायन काही जणांना अतिशय कडू लागतं आणि काही जणांना त्याची चवच कळत नाही. हा फरक आनुवंशिक निघाला. तेव्हा ताटावरून उठणारं प्रत्येक मूल हट्टीच असतं असं नाही. त्याच्या तोंडात ती भाजी खरोखर जास्त कडू लागत असेल.

तरीही जीभ शिकते. पॉल रोझिन आणि डेबोरा शिलर यांनी १९८० साली मिरचीच्या आवडीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेक्सिकोतल्या एका खेड्यात लहान मुलांना मिरची आवडत नसते. पाच-सात वर्षांची होईतो ती आवडीनं खाऊ लागतात. त्यांच्यावर कुणी सक्ती करत नाही. मोठी भावंडं खातात, आईबाप खातात, ते पाहून मूल हात पुढे करतं. त्याच गावातली डुकरं आणि कुत्री रोज उष्ट्यामधून तीच तिखट चटणी खातात, पण त्यांना ती आवडू लागल्याचं दिसलं नाही. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. पोटात जाणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस आवडायला शिकतो तो पंगतीत.

या बाबतीतली एक फार जुनी साक्ष आमच्या परंपरेत आहे. सातव्या शतकातली मदिना. एका शिंप्यानं पैगंबरसाहेबांना जेवायला बोलावलं. गरिबाघरचं जेवण, जवाची भाकरी आणि दुधीच्या फोडी व सुकं मांस घातलेला रस्सा. पैगंबरसाहेबांच्या सेवेत असलेले तरुण अनस बिन मालिक बरोबर होते. त्यांनी पाहिलं, की पैगंबरसाहेब ताटाच्या कडेनं दुधीच्या फोडी शोधून शोधून खात आहेत. अनस पुढे सांगत, की त्या दिवसापासून मला दुधी आवडू लागला. नवव्या शतकात इमाम बुखारींनी केलेल्या हदीससंग्रहात ही हकीकत आहे. धर्माचा भाग क्षणभर बाजूला ठेवू. नावडती म्हणा, नगण्य म्हणा, एक भाजी एका माणसाला कशी आवडू लागली, याची ही चौदाशे वर्षांपूर्वीची नोंद आहे. कारण एकच. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला ती आवडीनं खाताना पाहिलं. अनस यांना दुधीचे फायदे कुणी समजावून सांगितले नव्हते.

मराठवाड्यात, हैदराबादकडे आमच्या लग्नाच्या दावतीत दालचा असतो. चण्याची डाळ, मटण आणि त्यात दुधीच्या मोठाल्या फोडी. घरी दुधी म्हटलं की पळणारी पोरं दालच्यातली ती फोड आवडीनं खातात. दोन्हीकडे दुधी तोच असतो. दावतीत शेजारी चार चुलत-मावस भावंडं मांडीला मांडी लावून बसलेली असतात, एवढाच काय तो फरक.

त्रावणकोरात असंच टॅपिओकाचं झालं. विशाखम तिरुनाळ हे महाराज १८८० ते १८८५ या काळात गादीवर होते. भाताच्या टंचाईला उतारा म्हणून त्यांनी या कंदाच्या लागवडीला प्रोत्साहन दिलं. हा कंद कच्चा किंवा नीट न शिजवता खाल्ला तर घातक ठरू शकतो, त्यामुळे लोकांची भीती अगदीच निराधार नव्हती. तो कसा शिजवायचा हेही शिकावं लागलं. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिकडचा तांदूळ बंद झाला, तेव्हा याच कंदानं त्रावणकोरातल्या गरिबांना हात दिला. भूक सरली तरी कंद गेला नाही. माशाच्या आंबट-तिखट कालवणाशी त्याची जोडी जमली आणि आज 'कप्पा' म्हटलं की परदेशातल्या मल्याळी माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. महायुद्धाच्याच काळात पूर्वेकडून येणारा साबुदाणा अडला आणि तमिळनाडूत सेलमला या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. आपल्या एकादशीच्या ताटात तो आला याच वाटेनं.

पण भूक सगळंच आवडायला शिकवते असं समजू नका. महाराष्ट्रानं याचा उलटा अनुभवही घेतला आहे. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेतून लाल ज्वारी आली. मिलो. ती भाजी नव्हे, धान्य; पण गोष्ट जिभेचीच आहे. माझ्या आईच्या पिढीच्या बायका अजून मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. त्या ज्वारीनं जीव वाचवले, हे त्या नाकारत नाहीत. पण ती रेशनच्या रांगेतून आली, खडी फोडून सोललेल्या हातांनी थापली गेली. तिच्याबरोबर ना सण आला, ना पाहुणा. पाऊस पडला, शेतं पिकली आणि मिलो विसरली गेली. लाचारीत गिळलेला घास पोट भरतो, पण त्याची आठवण गोड होत नाही.

आणखी एक नावड असते. ती भाजीची नसतेच, ती खाणाऱ्या माणसाची असते. टाकळा, कुर्डू, घोळ, शेवळं या रानभाज्या. आदिवासींच्या, शेतमजुरांच्या घरात पावसाळा यांच्यावर निघायचा. गावातली बरी घरं त्यांना गरिबाचा पाला म्हणायची. शाळेच्या डब्यात अशी भाजी असली, की पोरं झाकण अर्धं लावून जेवायची. आता कृषी खातं जिल्ह्याजिल्ह्यात रानभाजी महोत्सव भरवतं आणि शहरातली मंडळी गाडी काढून तिथे जातात. शेवग्याचा पाला तर भुकटी होऊन, इंग्रजी नाव घेऊन महागड्या डब्यांमधून विकला जातो. पाला तोच आहे. चवही तीच आहे. बदलली ती बघणाऱ्याची नजर. चांगलंच झालं. फक्त ज्या बाईनं डोंगरातून ती भाजी खुडून आणली, तिलाही भाजीएवढाच मान मिळायला हवा.

मी कवी माणूस, त्यामुळे भाजीवरून भाषेवर येतोच. 'बाजारातून ताजी भाजी आणली, मसाला घातला आणि बटाट्याचा रस्सा केला.' किती साधं मराठी वाक्य! यातला बाजार फारसीतला, ताजी फारसीतून आलेली, मसाल्याचं मूळ अरबीत आणि बटाटा पोर्तुगीज. यातला एकेक शब्द बाहेर काढत गेलो, तर रात्री उपाशी झोपावं लागेल.

मला बऱ्याचदा कौतुकानं विचारतात, 'तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला ठाऊक आहे. माझे आजे-पणजे इथल्याच मातीत राबले, इथल्याच मातीत मिसळले. मी कुठून समुद्र ओलांडून आलेलो नाही. पण समजा, आलो असतो तरी? त्या बटाट्याला आपण कधी विचारतो का, की तू उपवासाला कसा चालतोस? नाही विचारत, कारण तो कधी आला हे आपण विसरलो आहोत. हे विसरणं प्रेमाचं आहे; तो आपला झाला म्हणूनच विसरलो. अडचण पुढे होते. आपण शिकलो होतो हेच विसरलं, की जे आज ताटात आहे ते अनादि काळापासून आपलं आणि जे नाही ते कायमचं परकं, असं वाटू लागतं. मग शेजाऱ्याच्या डब्याचा वास सहन होत नाही. घर भाड्यानं देताना आधी स्वयंपाकघरात काय शिजतं ते विचारलं जातं.

म्हणून घरातल्या मुलानं भाजीचं ताट सरकवलं, तर त्याच्यावर ओरडू नका. तुम्ही त्याच्या शेजारी बसा आणि तीच भाजी चवीनं खा. आज नाही तर दहाव्या खेपेला त्याचा हात पुढे येईल. आपल्या सणांनी हे ओळखलं होतं. गुढीपाडव्याला वर्षाचा पहिला घास कडुलिंबाचा असतो, आणि तो घरातले सगळे मिळून खातात. आणि शेजारच्या घरातून कधी अनोळखी भाजीची वाटी आली, तर ती झाकून ठेवू नका. चाखून बघा. नाहीच आवडली तर वाटी धुऊन परत करा, पण रिकामी करू नका. आपल्याकडची चार चमचे भाजी घालून पाठवा.

(नभोवाणी भाषण, संपादित)